बोरिंगचा तळ

आक्का,

आज सकाळी पुन्हा पाणी ओतत बसले होते. एका तांब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, धार जरा उंच धरून, तू शिकवलंस तसं. बेळगावातल्या या घरात नळाला येणारं पाणी चांगलं स्वच्छ असतं, त्याला कसला वास नाही, वर सुनेनं शुद्ध करायचं यंत्रही बसवून घेतलंय. तरी माझा हात काही थांबत नाही. सून सुरुवातीला हसायची, आता म्हातारीची खोड म्हणून सोडून देते. तिला मी खरं कारण कधी सांगितलं नाही. सांगायला बसलं की तुझ्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तुझ्यापासून सुरुवात केली की त्या बाजाराच्या दिवसापाशी येऊन अडकायला होतं. म्हणून म्हटलं, तुलाच लिहावं. तू वाचणार नाहीस हे मला ठाऊक आहे. जिवंतपणीही तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा ती अडचण काही नवी नाही.

तुला आई म्हणायची सवय मला लागलीच नाही. गल्लीतल्या धाकट्या बायका तुला आक्का म्हणायच्या, ते ऐकून मीही म्हणू लागले आणि तूही कधी टोकलं नाहीस. निपाणीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आपलं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आपली गल्ली आणि वरच्या अंगाला ती विहीर. घरात रोज वंदना होत होती, भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, शिवाशिव बंद झाल्याचा कायदा होऊन कितीतरी वर्षं लोटली होती. पण तो कायदा विहिरीच्या काठाशी येऊन बसला होता, वर चढत नव्हता. आपल्या बायकांनी काठाच्या खाली उभं राहायचं, घागर पुढं करायची, आणि वर पाणी शेंदणाऱ्या कुणाला सवड झाली, मनात आलं, तर तिनं वरून ओतायचं. मी तुझ्या पदराला धरून उभी असायचे. तू तिथं एक शब्द बोलायची नाहीस. एकदा मी कंटाळून रडायला लागले, तेव्हा तू मला जोरात चिमटा काढलास आणि घरी आल्यावर त्याच जागी खोबरेल लावलंस. चिमटा का आणि तेल का, हे मला दोन्ही वेळा कळलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतर एकदाची ती सरकारी गाडी आपल्या गल्लीत आली. मागं उंच लोखंडी शिडी, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि जमिनीतून वर उडणारी काळ्या दगडाची भुकटी. आम्ही पोरं शाळा बुडवून बघत बसलो होतो. आप्पा म्हणाले, कातळ फोडून पार खाली गेल्याशिवाय पाणी लागायचं नाही इथं. पाणी लागलं तेव्हा तू तंबाखूच्या वखारीत कामाला गेली होतीस. संध्याकाळी आलीस तेव्हा हातपंप बसवूनही झाला होता. अंगावरची तंबाखूची धूळसुद्धा न झटकता तू सरळ बोरिंगपाशी गेलीस, दांडा दोनदा दाबलास, ओंजळीत पाणी घेतलंस. कुणाकडं मागायचं नाही, कुणी वरून ओतायचं नाही. हळदीकुंकू आपण लावत नव्हतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तू निपाणीहून झेंडूचा हार आणून दांड्याला बांधलास. तुला एवढी खूष मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि नंतरही फारशी नाही.

वास पहिल्या दिवसापासूनच होता, पण तेव्हा तो बारीक होता. सकाळी पहिली घागर भरताना यायचा, नासक्या अंड्यासारखा, मग जायचा. सगळ्यांनी म्हटलं, नवं लोखंड आहे, तेल लागलेलं असतं, निघून जाईल. उन्हाळा आला तसा तो वाढला. भाताला यायला लागला, चहाला यायला लागला. तुझी चांदीची जोडवी काळी पडली, समोरच्या आज्जीचे पैंजण काळे पडले, आणि राखेनं घासून दोन दिवस झाले की परत काळेच. वरच्या गावात ही बातमी जायला वेळ लागला नाही. शाळेत एक पोरगी माझ्या शेजारून उठली आणि म्हणाली, खालच्या गल्लीचं पाणीच खालच्या गल्लीसारखं. मास्तरांनी ऐकलं आणि फळ्याकडं तोंड केलं. मी घरी येऊन ते तुला सांगितलं. सांगायला नको होतं असं तुझं तोंड बघून लगेच वाटलं, पण तोवर सांगून झालं होतं.

मग गल्लीत बोलणं सुरू झालं. समोरची आज्जी वयानं सगळ्यांत मोठी. तिचं म्हणणं, पोरं आजारी पडायच्या आत पुन्हा विहिरीवर जावं, आजवर उभं राहिलो तसं उभं राहावं, त्यात आता कमीपणा तो काय नवा. बऱ्याच जणी मान हलवत होत्या. तू चुलीपुढून उठून दारात आलीस. तुझं ते बोलणं मला शब्द न शब्द आठवतं, कारण तू एरवी एवढं बोलत नसायचीस.

"नवी हीर हाय ती," तू म्हणालीस. "हिरीचं पयलं पाणी कवा ग्वाड असतंय? उपसा करूया. तळ लागला की नितळ ईल."

"बोरिंगला तळ असतोय व्हय गं?" आज्जीनं विचारलं.

"तळ न्हाय असं काय असतंय?" तू म्हणालीस. "माझ्यावर सोडा. पर घागर पुढं करायला मी परत जायची न्हाय."

तुझ्या म्हणण्यात चूक काय होती? मळ्यामळ्यांतल्या विहिरींचा उपसा करायला आपलेच पुरुष जायचे. पावसाच्या तोंडावर सगळं पाणी काढून टाकायचं, गाळ काढायचा, तळाचा दगड दिसला की मग झऱ्याचं नवं पाणी येतं, काचेसारखं. पाणी बिघडलं तर उपसा करायचा, हे आपल्याकडं लहान पोरालाही ठाऊक होतं. विहीर नावाची गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिली होती, तिच्यात उतरलो होतो. बोरिंगच्या आत कुणीच उतरलं नव्हतं, हाताएवढ्या भोकात उतरणार कसं?

निपाणीच्या बाजाराच्या दिवशी वखार बंद असायची. त्या दिवशी उजाडताच उपसा सुरू झाला. आधी पुरुष, मग बायका, मग आम्ही पोरं दोघं दोघं दांड्याला लोंबकळायचो. पाणी वाहून जायला आप्पांनी चर काढून दिला होता, तो खालच्या रानात जात होता. सुरुवातीला जत्रेसारखं वाटत होतं. कुणीतरी चुरमुरे आणले, कुणीतरी गाणं म्हटलं. तू मात्र हटायला तयार नव्हतीस, दुसरीची पाळी आली तरी दांड्याचं एक टोक धरून राहायचीस. दुपार झाली तसं पाणी जरा दुधाळ दिसायला लागलं आणि वास वाढला. तू म्हणालीस, गाळ हलला, आता तळ जवळ आला. ऊन कललं तसा वास इतका झाला की पोरं लांब जाऊन बसली. एक एक करत बायका घरात गेल्या. शेवटी दांड्यावर तू एकटीच होतीस, तळहात सोलून निघाले होते, आणि आप्पा जवळ उभे राहून नुसते तुझ्याकडं बघत होते. त्यांनी तुझा हात धरून तुला बाजूला घेतलं तेव्हा दिवस बुडत होता. कुणी काही बोललं नाही. आज्जीनंसुद्धा नाही, आणि मला वाटतं तेच तुला जास्त लागलं.

त्यानंतर पाणी पहिल्यासारखं कधीच झालं नाही. पूर्वी सकाळचा वास दुपारी जायचा, आता दिवसभर राहायला लागला, पावसाळ्यातसुद्धा. आठवड्याभरात गल्लीतल्या बायका घागरी घेऊन वरच्या विहिरीच्या काठाशी उभ्या राहू लागल्या. वरच्या बायकांनी म्हणे काही विचारलं नाही, नुसत्या हसल्या. तू गेली नाहीस. तू बोरिंगचंच पाणी भरत राहिलीस, आणि ते पिण्याजोगं करायचा एक उद्योग काढलास: दोन घागरी समोर घेऊन बसायचं आणि एकीतलं पाणी दुसरीत ओतत राहायचं, उंचावरून, धार बारीक ठेवून. वीस-पंचवीस वेळा ओतलं की वास बराच कमी व्हायचा. वखारीत जायच्या आधी तू ते करायचीस, आल्यावर परत करायचीस. घरात सतत पाण्याचा आवाज असायचा, आणि त्या आवाजात तू कुणाशी बोलत नसायचीस. गल्लीतल्या कुणी तुला तोंडावर दोष दिला नाही. पण बोरिंगचा विषय निघाला की "उपसा केला तेव्हापासनं" असं म्हणायची रीत पडली. पावसाच्या आधी, पावसाच्या नंतर म्हणावं तसं. तू ते ऐकायचीस आणि पदर नीट करायचीस.

मला त्या घरातून पळून जावंसं वाटायचं. खोटं कशाला बोलू. एका बाजूनं तंबाखूचा खकाणा, एका बाजूनं नासक्या अंड्याचा वास, मध्ये मी पुस्तक घेऊन बसलेली. माझ्या केसांना, दप्तराला, कपड्यांना दोन्ही वास यायचे असं मला वाटायचं, आणि वर्गात कुणी नाकाला हात लावला की तो माझ्यासाठीच आहे असं वाटायचं. एकदा आप्पांचा डबा द्यायला मी वखारीत आले होते. ते बाहेर हमाली करायचे आणि तू आत. आत तंबाखू चाळायचं काम चाललं होतं, दारं-खिडक्या लावून घेतलेल्या, कारण वाऱ्यानं भुकटी उडाली तर मालकाचं नुकसान. फटीतून येणाऱ्या उजेडात नुसती धूळ दिसत होती आणि धुळीत तोंडाला पदर बांधलेल्या बायका. तुला ओळखायला मला वेळ लागला. मुकादमानं दार उघडलं तेवढ्यात सगळ्या जणी दाराकडं तोंड करून खोकल्या. घरी आल्यावर मी तुला विचारलं, आत कसं करमतं गं तुला? तू घागर तिरकी केलेली तशीच धरून म्हणालीस, "आत गेल्यावर आतलंच असतंय." एवढंच. पुढं मी या वाक्याचा अर्थ लावायचा खूप प्रयत्न केला. आता वाटतं, त्याला अर्थबिर्थ काही नव्हता, तू खरं तेच सांगत होतीस.

मी बेळगावला कॉलेजात निघाले तेव्हा तू मला दोन पितळी तांबे दिलेस. वसतिगृहात एक तांब्या पुरला असता, पण ओतायला दुसरा लागतो हे तुला ठाऊक होतं. बेळगावच्या पाण्याला वास असेल असं तू गृहीतच धरलं होतंस. बाहेरचं सगळं पाणी आपल्या बोरिंगसारखंच असणार, असा तुझा समज. मला तेव्हा त्याचा राग आला होता. खोलीतल्या मुली हसायच्या. मी तांबे पेटीत तळाशी ठेवून दिले, आणि आठच दिवसांत परत बाहेर काढले, कारण न ओतता प्यायलेलं पाणी मला घोटभरही गिळवेना. खडेबाजारात एकदा सराफाच्या दुकानात काळी पडलेली चांदी घासून घासून उजळ करताना पाहिली आणि मी रस्त्यातच थांबून तुझ्या जोडव्यांचा विचार करत राहिले. रसायनशास्त्राच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गंधक. पाण्यात गंधकाचा वायू असला की वास येतो आणि चांदी काळी पडते. एवढं एक वाक्य. आणि मला वाटलं, आपली सुटका झाली. वास माणसांचा नव्हता, गल्लीचा नव्हता, तुझा नव्हता.

ते तुला सांगायला मी केवढी उतावीळ झाले होते. पण सांगायची वेळ आली ती दवाखान्यात. तुझी छाती भरून आली होती, निपाणीच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि आप्पांनी तुला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. दुपारची वेळ, बायकांचा वॉर्ड, पंखा फिरत होता पण वारा लागत नव्हता. खिडकी उघड म्हणालीस, ती उघडीच होती. मी तुला पाणी दिलं. एक घोट घेऊन तू म्हणालीस, ह्याला काय चवच न्हाय. मग मी सगळं सांगितलं. ते गंधक आहे आक्का, लोखंडाचा दोष नाही, माणसांचा दोष नाही, जमिनीतच असतं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मला वाटलं, झोप लागली.

"आदी एवढा वास नव्हता," तू म्हणालीस. "मी उपसलं, मग वाढला."

"न्हाय गं आक्का. तुझ्यामुळं न्हाय."

तू डोळे उघडलेस. "तुला म्हाईत हाय का नुस्तं म्हणतीस?"

मला माहीत नव्हतं. गंधक कुठून आलं, कसं आलं, उपशानं का वाढलं, यातलं काहीच बाईंनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी खाली बघितलं.

"मग म्हणू नगंस," तू म्हणालीस. रागानं नाही. भांडं जागेवर ठेव म्हणावं तशी. त्यानंतर आपलं त्या विषयावर बोलणं झालं नाही. नंतरचे दिवस पाणी, औषध, कूस बदलणं यातच गेले आणि तू गेलीस. गल्लीत नळ आला तो त्याच्या पुढच्या वर्षी.

लोक मला विचारायचे, एवढे विषय असताना संशोधनाला तुम्ही हा जमिनीखालच्या पाण्याचा कुठला विषय घेतलात. मी काहीतरी विद्वत्तेचं उत्तर द्यायचे. खरं उत्तर एवढंच की मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे होतं. बेळगावातून मी दूरच्या एका मोठ्या संस्थेत गेले. तिथले सर खोल कातळातल्या पाण्याचा अभ्यास करत होते. त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की तो वास कुणीतरी करतं. दगडाच्या चिरांत, जिथं उजेड नाही आणि हवा नाही, तिथं डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. समुद्राच्या तळाशी सापडलेत, उकळत्या झऱ्यांत सापडलेत, खाणींच्या पोटात सापडलेत. आपण हवेवर श्वास घेतो, ते पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षारावर श्वास घेतात आणि बाहेर टाकतात तो हा वायू. म्हणजे आपल्या भाताला, चहाला, माझ्या केसांना यायचा तो त्यांचा उच्छ्वास होता. ते ऐकून मी संस्थेच्या कँटीनमध्ये जाऊन एकटीच हसले, आणि मग हसू थांबेना म्हणून बाहेर गेले.

आता पुढचं जरा नीट ऐक, कारण सगळं त्यावर आहे. गंधकाचे कण सगळे सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक हलके, थोडे किंचित जड. बाकी गुण तेच. पण या जिवांना हलका कण वापरायला सोपा जातो, म्हणून ते तो आधी उचलतात. भुईमुगाच्या ढिगाशी बसलं की आपण सहज फुटणारी शेंग आधी उचलतो, तसं. नवं पाणी येत-जात असेल तर नवे हलके कण येत राहतात आणि काही बिघडत नाही. पण जागा चारी बाजूंनी बंद असेल तर हलके संपत जातात आणि उरतात ते जड. जितकं उरलेलं गंधक जड, तितका काळ ते पाणी कोंडलेलं. आमचं यंत्र हे वजन मोजायचं. पाण्यातला वायू आम्ही चांदीच्या क्षारात धरायचो आणि तळाशी काळी भुकटी बसायची. पहिल्यांदा ती बाटली उजेडात धरली तेव्हा सरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आईची जोडवी आठवली. त्यांना वाटलं मी थट्टा करते.

मग मी सरांना विचारून गावी आले, बाटल्यांची पेटी घेऊन. बोरिंग तसंच होतं. नळ आल्यापासून त्याला कुणी हात लावत नव्हतं, दांडा गंजला होता. आप्पांनी तेल घातलं. मी ठरवलं होतं की तू केलंस तेच करायचं: सकाळी पाणी काढायला लागायचं आणि दिवस बुडेस्तोवर थांबायचं नाही, आणि मधे मधे बाटल्या भरायच्या. समोरची आज्जी अजून होती, वाकून गेली होती. ती काठी टेकत आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"परत उपसा करायलीस व्हय?" ती म्हणाली. "तुझ्या आईनं केला तेवढा बास न्हाय झाला?"

मी तिला सांगितलं, तपासायला नेते आहे. ती म्हणाली, सापडलं तर मलाबी सांग. मग जराशानं, माझ्याकडं न बघता म्हणाली की त्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच दांडा मारला होता, नाव एकटीवर गेलं. हे तिनं तुला सांगायला पाहिजे होतं. मी तसं तिला म्हणाले. ती म्हणाली, "व्हय," आणि तिथंच दगडावर बसून राहिली. गल्लीतली माणसं एक एक करत येऊन दांड्याला लागली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. बोरिंग इतकी वर्षं बंद राहिल्यामुळं असेल, सकाळच्या बाटलीला जवळजवळ वासच नव्हता. दुपारी पाणी दुधाळ झालं. संध्याकाळच्या बाटलीचं बूच लावताना त्या वासानं घर आठवलं, तू आठवलीस, आणि मी तिथंच सगळ्यांदेखत रडले.

यंत्रानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: वास त्या जिवांचाच, यात शंका नाही, आणि संध्याकाळच्या पाण्यातलं उरलेलं गंधक इतकं जड होतं की सर उठून उभे राहिले. हे पाणी माणसांच्या हिशेबात न बसणाऱ्या काळापासून कातळात बंद होतं. वरच्या गावाशी, खालच्या गल्लीशी, कुणाशीच त्याचा संबंध नव्हता. गाव वसायच्या कितीतरी आधीपासून ते जीव तिथं होते, दार नसलेल्या खोलीत, जे होतं त्यावर निभावत. दुसरी गोष्ट सरांनी सांगायच्या आधीच मला कळली. सकाळचं पाणी वरच्या चिरेतलं होतं, पावसाचं, हलकं. ते संपलं तेव्हा खालचं, कोंडलेलं पाणी वर यायला लागलं. एखाद्या नव्या बोरिंगवर दिवसभर असं पाणी ओढलं तर खालची बुजलेली चीर मोकळी होते आणि मग ती मोकळीच राहते. त्या बाजाराच्या दिवशी जो दांडा खालीवर झाला, त्यानंच ती मोकळी केली असणार. तुला दवाखान्यात जे वाटत होतं ते खरं होतं. उपसलं म्हणून वाढला.

सर खूष होते, आता लिहून टाका म्हणाले. मी लिहिलं, पाण्याबद्दल लिहिलं, जिवांबद्दल लिहिलं. उपसा करणाऱ्या बाईबद्दल लिहायला त्यात जागा नव्हती. लोकांनी वाचलं, कौतुक केलं. माझं आयुष्य त्यावर उभं राहिलं, हे घर, हा नळ, सुनेचं यंत्र, सगळं. आणि इतकी वर्षं तुझ्यासाठी मी त्या उत्तराच्या दोन बाटल्या घेऊन बसले आहे. एक द्यायची आहे आणि एक द्यायची नाही, आणि तुझ्याशी अर्धं बोलायची सोय तू ठेवली नाहीस. समोरच्या आज्जीला मी पहिली गोष्ट सांगितली. ती ऐकून तिनं आकाशाकडं बघून हात जोडले. दुसरी मी तिलाही सांगितली नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, तुझ्यासारखं उलटं विचारलं नाही.

तेव्हा हा कागद इथेच, तांब्यांच्या मागं राहू दे. तू समोर असतीस तर मी यातली दुसरी गोष्ट तुला वाचून दाखवली नसती. पाणी ओतता ओतता म्हणाले असते, न्हाय गं आक्का, तुझ्यामुळं न्हाय. तू विचारलं असतंस, तुला म्हाईत हाय का नुस्तं म्हणतीस. आणि मी म्हणाले असते, म्हाईत हाय. तेवढं खरं असतं.